रंग मोजणारी चिप आणि तिच्या दुभाष्याची तपासणी

लग्नाचा बस्ता बांधायला गेलेल्या बायकांची एक सवय सगळ्या दुकानदारांना ठाऊक असते. शराऱ्यावर दुपट्टा जुळला, दुकानदाराने ‘एकदम मॅचिंग’ म्हणून सांगितले, तरी खाला किंवा फुफी दोन्ही कापडे उचलतात, दुकानाच्या पायरीवर येतात आणि उन्हात धरून पाहतात. बऱ्याचदा तिथेच सौदा फिसकटतो. ट्यूबलाइटखाली एकच वाटलेले दोन मेंदी रंग उन्हात वेगळे निघतात. दुकानदार कुरकुरतो, पण त्या बायकांचे काही चुकत नाही. रंग नुसता कापडात नसतो. वरून पडणारा प्रकाश, त्यातला कापडाने शोषलेला भाग, परत फेकलेला भाग आणि तो पाहणारा डोळा, या सगळ्यांचा मिळून रंग होतो. ट्यूबच्या प्रकाशात काही छटा भरपूर असतात, तर काही जवळजवळ नसतातच. जी छटा प्रकाशातच नाही, तिच्यातला फरक कापड दाखवणार कसा?

हे पाहण्याचे काम आता चिपही करते. तिला कलर सेन्सर म्हणतात. मोबाइलच्या स्क्रीनचा पांढरा रंग खोलीतल्या उजेडाप्रमाणे किंचित पिवळट किंवा निळसर होतो, कारखान्यात रंगाप्रमाणे माल वेगळा केला जातो, एलईडी दिव्यांचा रंग एकसारखा राखला जातो, तिथे अशी एखादी चिप काम करत असते. पण चिपने मोजले म्हणजे आकडा आपल्यापर्यंत आपोआप येत नाही. मध्ये एक छोटासा प्रोग्रॅम असतो. तो चिपची भाषा जाणतो आणि कॉम्प्युटरचीही. त्याला ड्रायव्हर म्हणतात, पण त्याचे खरे काम दुभाष्याचे आहे. दुभाष्याने एक शब्द इकडचा तिकडे केला, तर दोन्हीकडची माणसे खरे बोलूनही गैरसमज होतो. म्हणून लिनक्समध्ये नवा ड्रायव्हर घेण्याआधी त्याची ओळ न् ओळ तपासली जाते. ही तपासणी कशी होते आणि ती करणारे नेमके काय शोधत असतात, ते पाहण्यासारखे आहे. आपल्या घरातली बरीच मुले-मुली कॉम्प्युटर शिकतात, पण कोड लिहिण्याइतकेच कोड वाचणे हेही एक काम आहे, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते.

गर आणि टरफल

१९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नेल लिहायला घेतला. कर्नेल म्हणजे फौजेतला कर्नल नव्हे. बदाम फोडल्यावर आत निघणारा गर म्हणजे कर्नेल. आज हा गर प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी आहे, बहुतेक वायफाय राउटरमध्ये आहे, बँकांच्या आणि इस्पितळांच्या सर्व्हरमध्येही आहे. त्याच्या कोडच्या ओळी ३ कोटींहून अधिक आहेत आणि त्यातला मोठा भाग ड्रायव्हरांचाच आहे.

फोनमधले एखादे अ‍ॅप बिघडले तर ते बंद पडते, आपण पुन्हा उघडतो. ड्रायव्हर मात्र गरातच बसलेला असतो. त्याला सगळ्या मेमरीपर्यंत पोहोचता येते, तो अडकला तर अख्खे यंत्र अडकू शकते. पाहुण्याने चहाचा कप फोडला तर कप जातो. घराची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने चूक केली तर घर उघडे पडते. चार आकडे वाचून देणाऱ्या एवढ्याशा ड्रायव्हरची इतकी झडती का, याचे उत्तर इथे आहे.

लिनक्समध्ये तापमान, हवेचा दाब, हालचाल, उजेड असे मोजमाप करणाऱ्या चिपांचा एक वेगळा विभाग आहे. त्याचे नाव इंडस्ट्रियल आय-ओ, थोडक्यात आयआयओ. जोनाथन कॅमेरॉन हे त्याचे मेंटेनर, म्हणजे तो विभाग सांभाळणारे. कलर सेन्सरचा ड्रायव्हर आधी त्यांच्यासमोर आणि त्यांच्या सोबतच्या तपासनीसांसमोर येतो. तिथून तो पुढे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्याकडे आणि शेवटी तोरवाल्ड्स यांच्याकडे जातो. सगळा व्यवहार ई-मेलने आणि उघड चालतो. कुणी काय आक्षेप घेतला आणि लिहिणाऱ्याने काय उत्तर दिले, हे जगात कुणालाही वाचता येते.

चिप काय करते

उदाहरण म्हणून टीसीएस ३४७२ ही चिप घेऊ. टेक्सासच्या टाओस नावाच्या कंपनीने ती बनवली. ही कंपनी २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या एएमएसने विकत घेतली. चिप जेमतेम २ मिलिमीटर रुंद आणि २.४ मिलिमीटर लांब आहे. आत उजेड टिपणाऱ्या डायोडची ३ बाय ४ अशी जाळी असते. काहींवर लाल गाळणी, काहींवर हिरवी, काहींवर निळी, आणि काही उघडे. या सगळ्यांवर आणखी एक गाळणी आहे, ती इन्फ्रारेड अडवते. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत एक जांभळट ठिपका चमकताना दिसतो. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही. सिलिकॉनला इन्फ्रारेड दिसते, माणसाला दिसत नाही. ते अडवले नाही तर चिपचा लाल आणि आपला लाल यांत मेळ राहणार नाही.

मोजणी पावसात भांडे ठेवण्यासारखी आहे. ठरावीक वेळ भांडे उघडे ठेवायचे आणि मग किती पाणी साचले ते पाहायचे. या चिपचा सर्वांत छोटा वेळ २.४ मिलिसेकंद. असे १ पासून २५६ पर्यंत टप्पे घेता येतात, म्हणजे जास्तीत जास्त ६१४.४ मिलिसेकंद. उजेड फारच मंद असेल तर मिळालेला संकेत ४ पट, १६ पट किंवा ६० पट वाढवण्याची सोय आहे. शेवटी चार आकडे तयार होतात: उघडा, लाल, हिरवा, निळा. प्रत्येक आकडा ० ते ६५५३५ यांच्या दरम्यान. हे आकडे दोन तारांवरून कॉम्प्युटरकडे जातात. ही दोन तारांची पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढली. तिला आय-टू-सी म्हणतात.

तपासणारा माणूस एका हाताशी चिपचे डेटाशीट ठेवतो, दुसरीकडे कोड. डेटाशीट म्हणजे कंपनीने दिलेली चिपची कुंडली. कोडमधला प्रत्येक आकडा तिच्याशी ताडून पाहायचा असतो. इथे एक गंमत आहे. मोजणीचा वेळ ठरवताना चिपला टप्पे सरळ सांगता येत नाहीत. २५६ मधून टप्पे वजा करून जे उरते ते लिहावे लागते. २५ टप्पे हवे असतील तर २३१ लिहायचे. लिहिणाऱ्याने घाईत २५ लिहिले, तर चिप २३१ टप्पे मोजत बसेल आणि ६० मिलिसेकंदांच्या जागी ५५४.४ मिलिसेकंद लागतील. आकडे येतील, स्क्रीनवर दिसतीलही, कुठेही लाल अक्षरात चूक दाखवली जाणार नाही. फक्त ते खोटे असतील. तपासणीत ज्या चुकांची भीती वाटते त्या अशा, गप्प बसणाऱ्या चुका.

या २५ टप्प्यांना आपल्याकडे एक खास अर्थही आहे. भारतात घरची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे विजेचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, चिपला कळते. एक लुकलुक १० मिलिसेकंदांची. २.४ मिलिसेकंदांतच भांडे आत घेतले तर कधी उजेडाचा भर सापडेल, कधी ओसर. तोच दिवा, तेच कापड, आणि आकडे नाचत राहतील. ६० मिलिसेकंद ठेवले तर बरोबर ६ लुकलुकी पूर्ण होतात आणि आकडा स्थिर येतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हाच हिशेब बिघडतो. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपल्या टेबलावर छान चालणारा एखादा वेळ कोडमध्ये पक्का करून टाकू नये, वापरणाऱ्याला तो बदलता यावा, असा आग्रह तपासणीत धरला जातो.

नाव ठेवणे सोपे नाही

नवख्या मुलांना सर्वांत आश्चर्य याचे वाटते, की तपासणारे नावांवर किती वेळ घालवतात. लिनक्समध्ये सेन्सरचा आकडा एका फाईलसारखा दिसतो. लाल रंगाच्या फाईलचे नाव ‘इन-इंटेन्सिटी-रेड-रॉ’ अशा घडणीचे असते. मोजणीचा वेळ सांगायचा तो सेकंदातच, मिलिसेकंदात नाही, मग चिप आतून काहीही मोजत असो. चिप जर्मनीची असो की जपानची, लाल आकडा याच नावाने मिळाला पाहिजे. नाही तर प्रत्येक चिपसाठी अ‍ॅप पुन्हा लिहावे लागेल.

आणि हे नाव एकदा बाहेर पडले की परत घेता येत नाही. कर्नेलमधल्या बदलामुळे लोकांचे चालते प्रोग्रॅम मोडता कामा नयेत, हा तोरवाल्ड्स यांचा सर्वांत कडक नियम आहे. आतला कोड उद्या संपूर्ण बदला, कुणी विचारणार नाही. बाहेर दिसणारे नाव मात्र वीस वर्षांनीही तेच राहील. बाळाचे नाव ठेवताना घरातली वडीलधारी मंडळी जशी चार दिवस घेतात, तसेच इथे होते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, आणि मला तो सगळ्या तपासणीचा गाभा वाटतो. आयआयओमध्ये उजेडासाठी दोन वेगळे शब्द आहेत. एक ‘इंटेन्सिटी’, म्हणजे नुसती तीव्रता. तिला एकक नाही. दुसरा ‘इल्युमिनन्स’. त्याचे एकक लक्स, आणि तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजलेला उजेड आहे. लाल गाळणीमागच्या डायोडचा आकडा लक्स नाही. तो त्या चिपचा, त्या गाळणीचा, त्या वेळेपुरता आकडा आहे. पण लिहिणाऱ्याला मोह होतो: चार आकड्यांना कुठले तरी गुणक लावून ‘लक्स’ म्हणून देऊन टाकावे, वापरणारे खूश होतील. तपासणारा तिथे विचारतो, हे गुणक कुठून आले? डेटाशीटमध्ये आहेत का? चिपवर काच बसवली, काचेला रंग असला, तरी हे खरे राहतील का? पटण्याजोगे उत्तर नसेल तर ते सूत्र काढा आणि कच्चा आकडा कच्चा म्हणूनच द्या. आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगणे आणि त्यावर एककाचा मुलामा न चढवणे, ही शिस्त लहान वाटते. पण पुढे त्याच आकड्यावर कुणी यंत्र चालवणार असेल, औषधाच्या पट्टीचा रंग वाचणार असेल, तर ती लहान राहत नाही.

ओळख पटवण्याचेही तसेच. चिपच्या एका कप्प्यात तिचा ओळख क्रमांक असतो. या चिपच्या एका प्रकारात, सोळाच्या पाढ्याने लिहिल्यास, तो ४४ असतो, दुसऱ्या प्रकारात ४डी. सुरू होताना ड्रायव्हर तो वाचतो. वेगळाच क्रमांक आला तर? पूर्वी बहुतेक ड्रायव्हर काम नाकारून मोकळे होत. पण उद्या कंपनीने तशीच, फक्त नव्या क्रमांकाची चिप काढली, तर जुना कर्नेल ती उगाच नाकारील. म्हणून आता नव्या ड्रायव्हरांना साधारण असे सुचवले जाते की अनोळखी क्रमांक दिसला तर तशी नोंद करा आणि पुढे चला, कारण कोणती चिप बसवली आहे हे यंत्र बनवणाऱ्याने आधीच सांगितलेले असते.

अर्धा आकडा जुना, अर्धा नवा

आता काही अशा जागा, जिथे अनुभवी डोळाच थांबतो.

चिपचा एक आकडा दोन तुकड्यांत येतो, खालचा आणि वरचा. समजा लाल आकडा २५५ आहे: खालचा तुकडा २५५, वरचा ०. ड्रायव्हरने खालचा वाचला. तेवढ्यात नवी मोजणी पूर्ण झाली आणि आकडा २५६ झाला: खालचा ०, वरचा १. ड्रायव्हरने आता वरचा वाचला. हाती काय आले? वरचा १, खालचा २५५, म्हणजे ५११. उजेड एका अंकाने वाढला आणि आकडा दुप्पट झाला. टीसीएस ३४७२ बनवणाऱ्यांनी याची सोय केली आहे. खालचा तुकडा वाचताच वरचा तुकडा बाजूला जपून ठेवला जातो. पण ही सोय दोन्ही तुकडे एका दमात वाचले तरच उपयोगी पडते. म्हणून दोन वेगवेगळे वाचन दिसले की तपासणारा विचारतो, एकत्र का नाही?

दुसरी जागा कुलपाची. एक प्रोग्रॅम आकडा वाचत असताना दुसऱ्याने वाढ १ पटीवरून ६० पट केली, तर वाचणाऱ्याला कळणार नाही की हातातला आकडा कोणत्या हिशेबाचा. वाचन पूर्ण होईपर्यंत दार बंद ठेवावे लागते. ते दार चूक झाल्यावरही उघडले पाहिजे, हे नवख्यांकडून हमखास राहते. चूक आली, फंक्शन मध्येच परतले, कुलूप तसेच लटकत राहिले, आणि पुढचा प्रत्येक जण दाराबाहेर ताटकळला.

तिसरी जागा रिकाम्या दोन घरांची. सेन्सरचे आकडे सलग पाठवताना सोबत वेळेचा शिक्का पाठवला जातो. आयएसएल २९१२५ नावाचा दुसरा एक कलर सेन्सर फक्त लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे देतो. प्रत्येकी २ बाइट, म्हणजे ६. वेळेचा शिक्का ८ बाइटचा, आणि तो ८च्या पटीतल्या जागेवरच बसतो. मध्ये २ बाइट मोकळे राहतात. ते कोणी पुसले नाहीत तर त्यात मेमरीतला जुना काहीतरी मजकूर पडून असतो, आणि तो रंगाच्या आकड्यांबरोबर कर्नेलच्या बाहेर जाऊ शकतो. त्यात कुणाचे काय असेल, सांगता येत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कॅमेरॉन यांनी कितीतरी सेन्सरांच्या ड्रायव्हरांमध्ये या मांडणीशी निगडित दुरुस्त्या केल्या. विभाग सांभाळणाऱ्याने आपल्याच विभागातल्या जुन्या फाइली एकेक करून पुन्हा उघडाव्या, हे मला विशेष वाटते. मंजूर झालेल्या कागदाकडे पुन्हा कोण पाहतो?

चौथी जागा आवराआवरीची. मांडव उभारताना आधी बांबू, मग कापड, मग झुंबर. उतरवताना उलट क्रम. आधी बांबू काढला तर झुंबर डोक्यावर. ड्रायव्हर काढतानाही हाच नियम: आधी लोकांना दिसणारी फाईल बंद करा, मग चिपची वीज बंद करा. आता बरीच आवराआवर कर्नेल स्वतः उलट क्रमाने करतो. पण अर्धे काम त्याच्यावर सोपवले आणि अर्धे हाताने केले की क्रम बिघडतो. टीसीएस ३४७२च्या ड्रायव्हरमध्येही काही वर्षे एक चूक राहून गेली होती. चिपकडून इशारा मिळण्यासाठी एक वेगळी तार जोडता येते, पण ती जोडलीच पाहिजे असे नाही. तार असेल तरच ड्रायव्हर ती सोय मागत होता, आणि जाताना मात्र मागितलेली असो वा नसो, परत करत होता. न घेतलेले कर्ज फेडायला गेल्यासारखे. कर्नेल तक्रार नोंदवत असे. २०२१ मध्ये ते दुरुस्त झाले. बरेच डोळे फिरूनही ते राहिले, यावरून तपासणीची मर्यादाही कळते. बहुतेक जण तार जोडून पाहतात. तार नसताना ड्रायव्हर काढून पाहणारा एखादाच.

सहीचा अर्थ

तपासणी पूर्ण झाली की तपासणारा एक ओळ लिहितो: ‘रिव्ह्यूड बाय’ आणि पुढे स्वतःचे नाव. ही ओळ ड्रायव्हरसोबत कर्नेलच्या इतिहासात कायमची राहते. तिचा अर्थ कर्नेलच्या नियमांत लिहून ठेवला आहे. थोडक्यात असा: मी हा बदल तांत्रिक दृष्टीने तपासला आहे, मला आढळलेल्या शंका मी लिहिणाऱ्याला कळवल्या आणि त्याच्या उत्तरांनी माझे समाधान झाले, यात आणखी सुधारणा होऊ शकेल, पण आज तरी हा बदल घेण्याजोगा आहे आणि त्यात मला ठाऊक असलेला दोष उरलेला नाही, मात्र तो सगळीकडे चालेलच, अशी हमी मी देत नाही.

निकाहनाम्यावर गवाह म्हणून सही करणारा संसार सुखाचा होईल अशी हमी देत नसतो. मी हजर होतो, मी ऐकले, एवढेच तो सांगतो. पण तो हजर नसेल आणि तरी सही करील, तर ती सही कशाची? इथेही तेच आहे. न वाचता ‘छान आहे’ म्हणून नाव घालणारे असतात आणि ते लवकर ओळखू येतात. कोणताही प्रश्न न विचारता आलेल्या सहीला मेंटेनर फारशी किंमत देत नाहीत.

लिहिणाऱ्याचीही एक सही असते. ‘साइन्ड ऑफ बाय’ लिहून तो सांगतो की हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, तो दुसऱ्याचा चोरून आणलेला नाही. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली, कारण त्या काळात लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून कोर्टकज्जे चालू होते.

हा सगळा कारभार विश्वासावर उभा आहे आणि तो विश्वास एकदा मुद्दाम तपासून पाहिला गेला. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी दोष लपवलेले बदल तपासणाऱ्यांकडे पाठवले. ते पकडले जातात का हे पाहून त्यांनी शोधनिबंध लिहिला. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण पेटले. क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठातून येणारे बदल घेणे थांबवले. तिथून पूर्वी आलेले चारशेहून अधिक बदल पुन्हा तपासावे लागले, त्यातले बहुतेक ठीक निघाले. निबंध मागे घेतला गेला. काही जण म्हणाले, कमजोरी दाखवली तर रागावता कशाला? मला हा युक्तिवाद पटत नाही. तपासणाऱ्यांतले कितीतरी जण नोकरी सांभाळून, रात्री आपला वेळ देऊन हे काम करतात. त्यांना न विचारता त्यांच्यावर प्रयोग करणे म्हणजे पाणपोईवर बसलेल्या माणसाची, तो खोटी नाणी ओळखतो का म्हणून परीक्षा घेण्यासारखे आहे. त्यांचे जे तास त्या झाडाझडतीत गेले, तेवढे खऱ्या ड्रायव्हरांचे काम लांबले.

तपासणाऱ्यांच्या बाजूनेही सगळे गोड नव्हते. कर्नेलच्या जगातली भाषा बरीच वर्षे फार कडवट होती. खुद्द तोरवाल्ड्स यांच्या ई-मेल बदनाम होत्या. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली, काही आठवडे काम थांबवले, आणि त्याच सुमारास सर्वांसाठी वागणुकीचे नियम आले. आज सेन्सर विभागातला पत्रव्यवहार वाचला तर सूर बहुधा असा आढळतो: ‘ही ओळ कशासाठी? डेटाशीटच्या अमुक भागाशी जुळत नाही असे वाटते.’ दोष कोडला, माणसाला नाही. पहिल्यांदा ड्रायव्हर पाठवलेल्या मुलाला वीस-पंचवीस आक्षेप परत येतात तेव्हा मात्र छातीत धडधडतेच. तो दुरुस्त करून दुसरी आवृत्ती पाठवतो, मग तिसरी. पाच-सहा फेऱ्या होणे नवलाचे नाही. प्रत्येक फेरीत काय बदलले आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे लिहावे लागते.

दार कुठे आहे

पाठवणारे पुष्कळ आणि तपासणारे थोडे, ही या कामाची जुनी अडचण आहे. म्हणून नव्या माणसाने लिहिण्याआधी तपासायला यावे, असे कॅमेरॉन यांच्यासारखे मेंटेनरही सुचवतात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याने पाठवलेला ड्रायव्हर डेटाशीट शेजारी ठेवून वाचायचा आणि अडले तिथे नम्रपणे विचारायचे. प्रश्न बावळट निघाला तर उत्तर मिळते, आणि पुष्कळदा तो बावळट निघत नाही.

ज्यांना पाठीशी कुणी असावे असे वाटते त्यांच्यासाठी लिनक्स फाउंडेशनचा मार्गदर्शन कार्यक्रम आहे. शुआ खान या त्यातल्या कर्नेलच्या कामाचे नेतृत्व करतात. कर्नेलच्या चाचण्यांचा विभागही त्याच सांभाळतात. २०१९ मध्ये त्यांना फाउंडेशनची फेलोशिप मिळाली. त्याआधी ती तोरवाल्ड्स आणि क्रोआ-हार्टमन यांना मिळाली होती. घरातल्या मुलीने हे नाव ऐकलेले असावे. काम घरबसल्या होते, वेळ आपल्या सोयीचा असतो, आणि समोरच्याला फक्त तुमचा कोड दिसतो.

सामान फारसे लागत नाही. टीसीएस ३४७२ बसवलेली छोटी पट्टी काही शे रुपयांत मिळते. ती रास्पबेरी पायसारख्या लहान कॉम्प्युटरला चार तारांनी जोडता येते. मग लाल दुपट्ट्याचा तुकडा समोर धरावा, एकदा ट्यूबखाली आणि एकदा खिडकीत, आणि आकडे लिहून घ्यावेत. वेळ २.४ मिलिसेकंद ठेवून पाहावा, मग ६०. तार काढून ड्रायव्हर बंद करून पाहावा. असे करून पाहिलेल्या माणसाच्या सहीला वेगळे नाव आहे, ‘टेस्टेड बाय’, आणि खऱ्या चिपवर करून पाहणारे नेहमीच कमी पडतात.

तपासणीतून पार पडलेला ड्रायव्हर पुढच्या मर्ज विंडोची वाट पाहतो. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नेल निघतो, आणि तो निघाला की पुढचे दोन आठवडे पुढच्या आवृत्तीसाठी नवे काम आत घेतले जाते. नंतरचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या. ड्रायव्हरसोबत कर्नेलच्या एका यादीत लिहिणाऱ्याचे नाव, ई-मेल आणि त्याच्या फाईलचा पत्ता बहुधा लिहिला जातो. मग जगात कुठेही कुणी त्या फाईलला हात लावला की पत्र आधी त्याला येते, आणि या वेळी तपासायची पाळी त्याची असते.